शेजाऱ्याने बांध कोरून नऊ गुंठे घेतले आणि आता म्हणतो, बारा वर्षं झाली, मीच मालक. कोर्टात जावं का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. वडिलांच्या नावावर साडेतीन एकरांचा गट आहे आणि तुम्ही नोकरीनिमित्त पुण्यात असता. शेजारच्या गटवाल्याने मधला बांध वर्षानुवर्षे कोरून नऊएक गुंठे आपल्यात ओढले. दिवाळीनंतर विहिरीकडे जाणारी वाटही काट्या टाकून बंद केली, त्याला आता चार महिने होत आले. पोलीस म्हणतात दिवाणी मामला. सातबारा तुमच्याकडे आहे, म्हणून तुम्हाला वाटतं की केस सरळ आहे.

मी वकील नाही. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो, आता निवृत्त आहे. मी केलेल्या कित्येक मोजण्या पुढे दिवाणी कोर्टात गेल्या आणि नकाशा घेऊन मला साक्षीला उभं राहावं लागलं. त्यामुळे असे दावे कुठे अडतात ते साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून पाहिलं आहे. माझं मत सांगतो: तुमची बाजू चांगली दिसते, पण तिचा जीव सातबाऱ्यात नसून मोजणीत आहे.

आधी वाटेचं बघा, कारण तिथे मुदत धावते आहे. शेतावर जाण्याची वहिवाटीची वाट कुणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दावा करता येतो. तो अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. तुमच्याकडे जेमतेम दोन महिने उरलेत. तहसीलदार स्थळपाहणी करतो, पंचनामा होतो, वाट पूर्वीपासून वापरात होती असं दिसलं तर अडथळा काढायचा हुकूम देतो. यात मालकी कुणाची हा प्रश्नच येत नाही, म्हणून निकाल त्या मानाने लवकर लागतो. लोक इथे हमखास गोंधळ करतात. जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ चा अर्ज देतात आणि तोही चालत राहतो. ते कलम वाटच नसलेल्या माणसाला बांधावरून नवी वाट मिळवून देण्यासाठी आहे. तुमची वाट होती आणि ती अडवली गेली, तेव्हा तुमचा रस्ता कलम ५ चा.

आता बारा वर्षांचं. हे ऐकून निम्मे लोक घाबरून गप्प बसतात आणि शेजाऱ्याला तेच हवं असतं. मुदतीचा कायदा १९६३ चा, त्यात मालकीच्या आधारे कब्जा मागण्यासाठी अनुच्छेद ६५ प्रमाणे बारा वर्षं दिली आहेत. पण ती मोजायची कधीपासून? समोरच्याचा कब्जा मालकाच्या हक्काला विरोधी झाला त्या दिवसापासून. नुसतं बारा वर्षं नांगर फिरवला म्हणून कुणी मालक होत नाही. कब्जा उघड, सलग आणि 'ही जमीन अमक्याची आहे, तरी मी ती माझी म्हणून धरली आहे' अशा भावनेने असावा लागतो. तो कधी सुरू झाला, मूळ मालकाला ते ठाऊक होतं का, हे सगळं सांगण्याचा आणि शाबीत करण्याचा बोजा त्याच्यावर असतो. सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या कर्नाटक वक्फ बोर्डाच्या निकालात हे मुद्दे नेमके मांडलेत. 'जमीन मूळचीच माझी' आणि 'विरोधी कब्जाने माझी झाली' या दोन बाजू एकमेकींशी विसंगत आहेत, असंही त्यात म्हटलं आहे. तुमचा शेजारी कैफियतीत, म्हणजे दाव्याला द्यायच्या लेखी उत्तरात, बहुधा दोन्ही लिहील. बांध जुनाच आहे, जमीन माझ्याच गटातली आहे आणि नसली तरी वहिवाटीने माझी आहे! तुमच्या वकिलाने ही विसंगती उलटतपासात नीट धरली पाहिजे.

बांध कोरण्याच्या प्रकरणात आणखी एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. बांध एका रात्रीत सरकत नाही. पाचशे फूट लांबीचा बांध वीस फूट सरकला की दहा हजार चौरस फूट जातात. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, तेव्हा नऊ गुंठ्यांहून थोडी जास्तच जमीन झाली. ही वीस फुटं दर नांगरटीला नांगराची एक-दोन तासं, म्हणजे सऱ्या, करत गेलेली असतात. मग त्यातली कोणती पट्टी बारा वर्षांपूर्वी घेतली आणि कोणती चार वर्षांपूर्वी, हे तो कशावरून दाखवणार? एवढं खरं की सावकाश बसायची चैन तुम्हाला नाही. वकिलाची नोटीस पाठवल्याने किंवा मोजणीचा अर्ज दिल्याने मुदत थांबत नाही, ती दावा दाखल केल्यावरच थांबते. आणि मुदत खरोखर संपली, त्याचा विरोधी कब्जाही शाबीत झाला, तर त्याच कायद्याच्या कलम २७ प्रमाणे मालकाचा हक्कच विझतो.

सातबाऱ्याबद्दल. संहितेच्या कलम १५७ प्रमाणे त्यातली नोंद, उलट शाबीत होईपर्यंत, खरी धरली जाते. एवढीच त्याची ताकद. फेरफाराने मालकी मिळत नाही, त्या नोंदी महसुलाच्या कामापुरत्या असतात, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितलंय. तेव्हा आजोबांना किंवा वडिलांना जमीन कशाने आली ते शोधा. खरेदीखत, वाटपपत्र, वारसाचा फेरफार, जे असेल ते. तुमच्या वादात तर सातबाऱ्याचा उपयोग आणखी कमी, कारण सातबारा क्षेत्र सांगतो, रेषा कुठून जाते ते सांगत नाही. शेजाऱ्याच्या हातातही त्याच्या गटाचा सातबारा आहेच की.

रेषा सांगते ती मोजणी. तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज द्या. अर्ज आणि फी आता ऑनलाइन होते. मोजणीच्या दिवशी तुम्ही स्वतः हजर राहा, आणि जमेल तसं वडिलांनाही आणा. लगतच्या सगळ्या खातेदारांना नोटीस गेली का, ती त्यांना पोचली का, हे आधीच कार्यालयात विचारून ठेवा. मोजणीनंतर सगळ्यांत जास्त नकाशे याच एका कारणाने कोर्टात लंगडे पडतात. वकील पहिला प्रश्नच तो विचारतो: माझ्या अशिलाला नोटीस कधी बजावली, दाखवा. ती नसली की पुढची सगळी आकडेमोड बाजूलाच राहते.

दुसरा प्रश्न असतो, कोणत्या खुणेवरून मोजलं? पश्चिम महाराष्ट्रातली मूळ पाहणी एकोणिसाव्या शतकातली. इंदापूर तालुक्यात १८३६ च्या सुमारास विंगेट आणि गोल्डस्मिड या इंग्रज अधिकाऱ्यांनी घालून दिलेल्या पद्धतीवर ती उभी राहिली. साखळी तेहतीस फुटांची आणि तिचे सोळा आणे, म्हणजे एक आणा दोन फुटांहून किंचित मोठा. आज आमच्या खात्यातल्या मुलांच्या हातात रोव्हर हे उपग्रहावर चालणारं मोजणीचं यंत्र आहे, तो तुम्ही उभे आहात ती जागा काही सेंटिमीटरच्या फरकाने सांगतो. पण जुळवायचं असतं ते त्या जुन्या टिपणाशी, म्हणजे मूळ मोजणीच्या नोंदीशी, किंवा जमिनींच्या एकत्रीकरणानंतरच्या गटाच्या नकाशाशी. त्यासाठी जागेवर न हललेल्या खुणा लागतात: शिवेचा दगड, जुनी विहीर, तीन हद्दी मिळतात तो तिढा, ओढ्याकाठचा शाबूत बांध. भूकरमापकाने अशा खुणा कोणत्या धरल्या ते नकाशावर यायला हवं. ज्या बांधाबद्दल भांडण आहे त्यालाच खूण धरून मोजलं तर त्या मोजणीला अर्थच राहत नाही. हे सांगायची गरज पडू नये, पण पडते. नकाशावर अभिलेखाची हद्द आणि जागेवरच्या वहिवाटीची हद्द या दोन्ही रेषा आणि मधलं क्षेत्र आकड्यात दिसलं पाहिजे. त्या नकाशाची 'क' प्रत घ्या. शेजाऱ्याला मोजणी मान्य नसेल तर तो निमताना मोजणी, म्हणजे वरिष्ठांकडून फेरमोजणी, मागेल. मागू द्या.

मोजणी झाली म्हणजे जमीन मिळाली, असं मात्र समजू नका. भूकरमापक हद्द दाखवतो, कब्जा देत नाही. संहितेच्या कलम १३८ मध्ये ठरलेल्या हद्दीपलीकडच्याला बाहेर काढण्याचा अधिकार आहे खरा. पण समोरचा मालकी सांगू लागला की महसूल अधिकारी दिवाणी न्यायालयाकडे बोट दाखवतात, हा माझा कायमचा अनुभव.

दाव्यात काय मागायचं, इथे पुष्कळ दावे घसरतात. बरेच जण नुसता निरंतर मनाईचा दावा लावतात, कारण तो सोपा वाटतो. तुमची नऊ गुंठे आज त्याच्या कब्जात आहेत, मग मनाई कशाची मागणार? सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा अनंतुला सुधाकर विरुद्ध पी. बुची रेड्डी हा निकाल वकिलाला जरूर दाखवा (तो त्यांना माहीत असतोच). कब्जा गेला असेल तर कब्जा मागावा लागतो, आणि मालकीवरच प्रश्नचिन्ह असेल तर मालकी ठरवून मागावी लागते. तेव्हा अतिक्रमित क्षेत्राचा कब्जा, पुढे हरकत न करण्याची मनाई, गरज वाटली तर मालकी ठरवणे आणि गेलेल्या उत्पन्नाची भरपाई, हे एकाच दाव्यात यावं. दावापत्रात चतुःसीमा आणि नऊ गुंठ्यांचं वर्णन मोजणी नकाशावरून लिहा.

निशाणी ५ च्या अर्जावर (दाव्यासोबतच्या तात्पुरत्या मनाईच्या अर्जाला कोर्टात असं म्हणतात) मनाई मिळेल ती तिथे बांधकाम करू नये, तिऱ्हाइताला विकू नये, बांध आणखी कोरू नये एवढ्यासाठी. वर्षानुवर्षे त्याच्याकडे असलेला कब्जा त्या अर्जावर परत मिळत नाही.

तुमच्या खाजगी अर्जावर तुमचाच गट मोजला जातो. म्हणून दाव्यात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६ नियम ९ खाली कोर्ट कमिशनर नेमायचा अर्ज द्या आणि दोन्ही गटांची एकत्र मोजणी मागा. हद्दीच्या वादात असं कमिशन नेमणं योग्य, असं सर्वोच्च न्यायालयाने हरियाणा वक्फ बोर्डाच्या प्रकरणात म्हटलंय. 'वादी पुरावा गोळा करतोय' अशी हरकत समोरून येतेच, तिला हा निकाल उत्तर आहे. दोन्ही गट मोजले की चित्र उघडं पडतं. तुमचे नऊ गुंठे कमी आणि त्याचे तेवढेच जास्त भरले तर बोलायला फारसं उरत नाही. दोघांचंही कमी भरलं, तर एकत्रीकरणाच्या वेळचा नकाशाच तपासावा लागेल. ती वेगळी आणि लांबची वाट आहे.

वडिलांबद्दल एक महत्त्वाचं. जमीन त्यांच्या नावावर आहे, तेव्हा वादी तेच. तुम्ही कुलमुखत्यार म्हणून धावपळ करू शकता, पण त्यांच्या स्वतःच्या माहितीतल्या गोष्टींची साक्ष त्यांच्याऐवजी तुम्हाला देता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या जानकी भोजवानी प्रकरणात ही भूमिका ठरली आहे. बांध पूर्वी कुठे होता, त्यावर कोणती झाडं होती, वाटेने बैलगाडी कशी जायची, हे तुम्ही नोकरीसाठी शहरात राहणारे कुठून सांगणार? वडील थकलेले असतील तर त्यांची साक्ष लवकर किंवा कोर्टाने नेमलेल्या कमिशनरमार्फत घरीच घ्यावी, असा अर्ज वकिलाला आधीच द्यायला सांगा. दावे वर्षानुवर्षे चालतात.

पोलिसांकडे तक्रार देऊन पोच मात्र ठेवा, तारखेचा पुरावा म्हणून ती कामाला येते. उभं पीक कापून नेलं किंवा मारहाणीची धमकी दिली तर तो फौजदारी प्रश्न आहे, त्याला दिवाणी म्हणून टाळता येत नाही. गावातलं कुणी 'जेसीबी लावून बांध पूर्ववत कर' असा सल्ला देईल, तो ऐकू नका. स्थिर झालेला कब्जा, अगदी अतिक्रमण करणाऱ्याचाही, कायद्याच्या मार्गानेच काढावा लागतो. तुम्ही बळाने घेतलात तर सहा महिन्यांच्या आत तोच विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली दावा लावेल आणि तिथे तुमची मालकी कुणी विचारणारसुद्धा नाही.

तडजोडीचं दार उघडं ठेवा. दोन्ही गटांचा कमिशन नकाशा आला की समोरच्याचा सूर बदलतो, हे मी बरेचदा पाहिलंय. लोकअदालतीत मिटलं तर अपील राहत नाही, कोर्ट फीही परत मिळते. नऊ गुंठे त्याच्याकडेच ठेवून मोबदला घ्यायचा विचार असेल तर तुकडेबंदी कायदा आडवा येतो का ते आधी तपासून घ्या. बदल्यात दाव्याबाहेरची जमीन येणार असेल तर दस्त नोंदवावा लागेल. आणि काहीही ठरलं तरी तडजोड पुरसीशीला, म्हणजे कोर्टात द्यायच्या तडजोडीच्या लेखाला, नकाशा जोडा, त्यावर दोघांच्या सह्या घ्या, दगड कुठून कुठपर्यंत आणि कुणाच्या खर्चाने पुरायचे ते त्यात लिहा. 'वादीची जमीन वादीला द्यावी' एवढंच लिहिलेला हुकूमनामा दरखास्तीत, म्हणजे अंमलबजावणीच्या वेळी, बेलीफाच्या हाती पडला, की तो शेतात उभा राहून हद्द कुठली ते विचारतो आणि पुन्हा मोजणीचा अर्ज करावा लागतो.