बाबांची दाढी

"बाबा पार बदललेत. दिवसभर खोलीत असतात. काही विचारलं की तोडून बोलतात. आता तर दाढीही करत नाहीत. स्मृतिभ्रंश तर नसेल ना हो?"

सून विचारत होती. सासऱ्यांचं वय ६८. नजर मंदावल्यामुळे गाडी चालवणं सुटलेलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

समुपदेशक म्हणून अशा तक्रारी माझ्याकडे वरचेवर येतात आणि 'वय झालं' हे उत्तर घरच्यांनी बहुतेकदा आधीच ठरवलेलं असतं. तरी पहिल्यांदा डॉक्टरांकडे पाठवलं, कारण उतारवयात नैराश्य आणि स्मृतिभ्रंश यांची लक्षणं एकमेकांत मिसळतात. तपासण्या ठीक आल्या.

मग काकांना एकट्यालाच भेटले. "शेवटचं एकटे कुठे गेला होतात?"

ते मनात मोजत बसले. "नव्या घरी आल्यापासून कुठेच नाही. सात महिने झाले."

घर प्रशस्त, पण भरधाव रस्त्याच्या कडेला. फूटपाथ नाही, दुकान चार किलोमीटरवर. "ब्लेड संपलं की सांगायचं, कोणाला वेळ आहे ते बघायचं, मग गाडीत बसायचं. किती वेळा सांगू? वाढवली दाढी."

"एवढंच ना?" म्हणत सुनेने वीस ब्लेडचा पुडा ऑनलाइन मागवला. दाढी तशीच राहिली.

मुलाने जिममधल्या ट्रेडमिलची आठवण करून दिली. काका म्हणाले, "त्यावर चालून पोचायचं कुठे?" मला हे फार पटलं. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. वाचनालय चालत पंधरा मिनिटांवर असेल, तर आठवड्यातून पाच दिवस जाऊन-येऊन तेवढी मिनिटं होतात, आणि व्यायाम केला असं वाटतही नाही. शिवाय वाटेत माणसं भेटतात. शहररचनेचे अभ्यासक डोनाल्ड अ‍ॅपलयार्ड यांनी १९७०च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोतल्या तीन रस्त्यांची तुलना केली. कमी रहदारीच्या रस्त्यावर लोकांचे त्याच रस्त्यावरचे मित्र भरपूर रहदारीच्या रस्त्यापेक्षा जवळपास तिप्पट निघाले.

घर बदला, असं समुपदेशकाने सहजासहजी सांगू नये. मी सांगितलंही नाही. काकांची मुलगी जुन्या, गजबजलेल्या वस्तीत राहते. तिच्याकडे पंधरा दिवस राहून बघा, एवढंच सुचवलं. ते सव्वा महिना राहिले. त्यानंतर मुला-सुनेने तिथेच भाड्याने घर घेतलं. एक खोली कमी झाली, खिडकीतून आवाज येतो, गाडी लावायची रोजची कटकट. सुनेने हे सगळं मला ऐकवलं आणि तिचं चुकत नव्हतं.

परवा तिचा फोन आला. "न सांगता जातात हो कुठेही. काळजी वाटते."

"आणि दाढी?"

"रोज करतात. तो वीसचा पुडा मात्र तसाच पडलाय. एकेक ब्लेड विकत आणतात."