रामेन म्युझियमला पहिल्यांदा जाताय? मग हे वाचा

आधी एक घोळ टाळा. जपानच्या योकोहामा शहरात रामेनची, म्हणजे रस्स्यातल्या जपानी नूडल्सची, अशी दोन म्युझियम आहेत. कप नूडल्सवालं मिनातो मिराई भागात, तिथे आपला कप आपण रंगवायचा वगैरे, पोरं सोबत असतील तर भारीच. पण खरं रामेन हाणायचं असेल तर शिन-योकोहामा स्टेशनला उतरा, तिथून चालत पाचेक मिनिटं. १९९४ ला सुरू झालंय हे म्युझियम, आणि तळघरात उतरलं की थेट १९५८ सालचं जपान, अंधारल्या गल्ल्या, जुन्या पाट्या, संध्याकाळचं आभाळ. ते साल का, तर इन्स्टंट रामेन त्याच वर्षी बाजारात आलं.

आता कामाचं. आत रामेनची बरीच दुकानं आहेत, तेव्हा पोट रिकामं ठेवून जा आणि मिनी साइजच घ्या, मी पहिल्या वेळी हावरटासारखा फुल बोल संपवला आणि बाकीची दुकानं नुसती बघत फिरलो, अजून जीव जळतो. दुकानाबाहेर मशीन असतं, त्यात पैसे टाकून आधी तिकीट काढायचं, मग आत.

शाकाहारी असाल तर नुसतं वरचं मांस काढून भागत नाही हं, रस्साच बऱ्याचदा डुकराच्या हाडांचा असतो, तेव्हा ऑर्डरआधीच विचारा.

आणि हो, बोल आला की फोटोत वेळ घालवू नका, नूडल्स फुगून लगदा होतो. चष्म्यावर वाफ येणारच, काढून ठेवा आणि आपण कढीचे मारतो तसे बिनधास्त भुरके मारा, तिथे कोणी डोळे वटारत नाही.