सायकलच्या ब्रेकची केबल बदलली तर ब्रेक खरंच चांगले लागतात का?

तुमच्या सायकलला साधे रिम ब्रेक (चाकाच्या कडेवर रबर दाबणारे) आहेत, मागचा ब्रेक लिव्हर हँडलपर्यंत दाबूनही नीट लागत नाही, आणि भारी केबल टाकली तर फरक पडेल का, असं तुम्ही विचारलंय. फरक पडेल. पण तो आतल्या तारेमुळे थोडा आणि तारेवरच्या आउटरमुळे, म्हणजे बाहेरच्या नळीमुळे, बराच पडेल.

हे मला उशिरा कळलं. मागच्या ब्रेकची तार मी लागोपाठ दोनदा बदलली, तरी लिव्हर जडच राहिला. तिसऱ्यांदा आउटर उतरवली तेव्हा कारण सापडलं. बसवताना कुणीतरी ती साध्या पक्कडीनं तोडली होती. तोंड चेपलं होतं आणि आतलं प्लास्टिकचं अस्तर तारेला चिमटीत धरून बसलं होतं. अशा नळीतून कितीही उत्तम तार घातली तरी ती घासतच जाणार.

केबलचं काम असं चालतं: लिव्हर दाबला की तार ओढली जाते, आणि जेवढ्या जोरानं तार ओढली जाते तेवढ्याच जोरानं आउटर दोन्ही टोकांकडून दाबली जाते. (अर्नेस्ट बाउडेन यांनी १८९६ मध्ये याचं पेटंट घेतलं, म्हणून तिला आजही बाउडेन केबल म्हणतात.) त्यामुळे हाताचा जोर दोन वाटांनी वाया जातो. एक घासण्यात, दुसरा आउटर आकसण्यात. नवी केबल जोर वाढवत नाही, ही गळती थांबवते. म्हणून गळती तिथेच आहे ना, हे आधी बघा.

लिव्हर थोडासाच दबून टणक लागतो आणि तरी सायकल थांबत नाही, असं असेल तर केबलला दोष देऊ नका. बहुतेक वेळा ब्रेकचे रबर जुने होऊन कडक आणि चकचकीत झालेले असतात, किंवा रिमला तेलकट थर बसलेला असतो. रिम आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, रबर सँडपेपरनं घासा. तरीही धरत नसतील तर नवे टाका. लिव्हर आणि ब्रेकची जोडी चुकली असेल तरी हेच होतं. व्ही-ब्रेकला (चाकाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळे लांब हात असलेला ब्रेक) कॅलिपरपेक्षा (चाकावर एकाच ठिकाणी बसणारा चिमट्यासारखा ब्रेक) साधारण दुप्पट तार ओढावी लागते, त्यामुळे व्ही-ब्रेकचा लिव्हर कॅलिपरला जोडला की हाताला कडक लागतो आणि ब्रेक मात्र कमजोर. हे कोणत्याही केबलनं सुटत नाही.

तुमचा लिव्हर हँडलला टेकतोय, म्हणजे लक्षणं वेगळी आहेत. आधी रबर रिमपासून फार लांब तर नाहीत ना ते बघा. एक-दोन मिलिमीटर अंतर पुरतं. मग ब्रेकपाशी केबल सोडा आणि ब्रेकचे दोन्ही हात बोटांनी दाबून सोडा. ते चटकन मागे आले पाहिजेत. सोडलेली तार हातानं पुढेमागे ओढून बघा, खरखर लागली तर आत गंज किंवा चेपलेलं अस्तर आहे. शेवटी केबल परत जोडा, दुसऱ्या कुणाला लिव्हर जोरात दाबायला सांगा आणि तुम्ही आउटरकडे बघत राहा. रबर रिमला टेकल्यावरही तिची वळणं हलत, सरळ होत असतील, तर जोर तिथे जातोय.

आता काय घ्यायचं. ब्रेकची आउटर साधारण ५ मिमी जाडीची असते आणि तिच्यात चपटी तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. गिअरची आउटर बहुधा ४ मिमीची, आतल्या तारा लांबीला समांतर. ती ब्रेकला कधीही वापरू नका, बसत असली तरीही. ब्रेकच्या ताणाखाली ती फुटू शकते, आणि फुटेल ती नेमकी तुम्ही सर्वांत जोरात ब्रेक दाबाल तेव्हा. 'कॉम्प्रेशनलेस' नावाची ब्रेकसाठीची खास आउटर मिळते. तिच्यातही तारा समांतरच, पण वरून मजबूत विणीचं आवरण असतं. लांब मागच्या केबलला आणि केबलवर चालणाऱ्या डिस्क ब्रेकला तिचा फायदा स्पष्ट जाणवतो. पुढच्या आखूड केबलला तो क्वचितच कळतो. ही आउटर ताठ असते, अरुंद वळण घेत नाही, हेही लक्षात ठेवा.

तार १.५ किंवा १.६ मिमीची, गुळगुळीत केलेली स्टेनलेस घ्या. वर लेप दिलेल्या तारा सुरुवातीला छान चालतात, पण लेप सोलून त्याचा चुरा आत साठतो, म्हणून मी त्या टाळतो. घेताना तारेच्या टोकाची गाठ बघा: सरळ हँडलच्या लिव्हरला आडवी गोल, वाकड्या रेसिंग हँडलच्या लिव्हरला नासपतीच्या आकाराची.

खरा फरक बसवण्यात पडतो. आउटर केबल कटरनंच कापा, आणि कापताना जुन्या तारेचा तुकडा आत ठेवा म्हणजे अस्तर चेपत नाही. मग तोंड कानशीनं सपाट करा, दाभणानं अस्तराचं भोक मोकळं करा, टोकाला टोपी घाला. या कामाला पाच मिनिटं जास्त लागली तर लागू द्या. लांबी अशी ठेवा की हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवलं तरी आउटर ताणली जाणार नाही आणि वळणं मोठी, सैलसर राहतील. अस्तराच्या आउटरला ग्रीस लागत नाही; जाड ग्रीसला धूळ चिकटते आणि तार पुन्हा जड होते.

तार आवळून झाली की सायकल उभी असतानाच लिव्हर सगळ्या ताकदीनं पंधरा-वीस वेळा दाबा. तार पेचातून निसटणार असेल तर इथे निसटेल, रस्त्यावर नाही. लिव्हर थोडा सैल पडेल. लोक म्हणतात तार ताणली, पण मुख्यतः आउटर आणि टोप्या जागेवर बसलेल्या असतात. तार पुन्हा ओढून आवळा. लिव्हरजवळचा ॲडजस्टर (तारेचा ताण कमीजास्त करणारा फिरता स्क्रू) आत्ता जवळजवळ पूर्ण आत ठेवा, कारण रबर झिजत जातील तसा तोच थोडाथोडा बाहेर काढायचा आहे.