नागपुरात एवढं ऊन तापते तरी घराघरावर सोलर का नाही दिसत?

तुम्ही विचारलं की ४५ डिग्री ऊन आहे तर लोक सोलर का लावत नाहीत. स्वतःचं घर असलेले लावून राहिले नं, केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार सबसिडी आहे, पण आधी पूर्ण पैसे भरा आणि सबसिडी मागाहून खात्यात येते, तिथंच बरेच जण थांबतात. खरं घोडं अडते ते फ्लॅट स्कीममध्ये, म्हणजे अपार्टमेंटमध्ये. आमच्या स्कीममध्ये १२ घरं आहेत आणि गच्ची एक, १ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट लागते म्हणजे सगळ्यांना ३-३ किलोवॅट शक्यच नाही, मग कोणाला द्यायची? वरच्या मजल्यावरचे काका म्हणाले ड्रिल मारलं तर स्लॅब गळेल, आणि त्यांचं चूक नव्हतं, त्यांच्या बेडरूमच्या छताला आधीच ओल आहे. समोरच्या काकूंचा प्रश्न तर अगदी साधा, आम्ही पापड-कुरडया कुठं वाळवायच्या?

शेवटी फक्त कॉमन मीटरवर ५ किलोवॅट लावलं, लिफ्ट, पंप आणि जिन्यातले लाईट. सोसायटीच्या कॉमन वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार सबसिडी मिळते हे कोणालाच माहीत नव्हतं.

टेक्निकल भानगडी आहेतच. पॅनलला ऊन पाहिजे, उष्णता नाही. मे महिन्यात पॅनल ६५ डिग्रीपर्यंत तापते आणि २५ च्या वर दर डिग्रीला ०.३-०.४ टक्के वीज कमी होते, म्हणजे ऐन उन्हाळ्यात १२-१६ टक्के गेलेच. बोअरच्या पाण्यानं धुतलं की पांढरे डाग बसतात, आम्ही आता नळाच्या पाण्यानं पहाटे पुसतो, तापलेल्या काचेवर थंड पाणी टाकायचंच नाही. आणि लाईन गेली की बॅटरी नसलेलं सोलरही बंद पडते, लोकांना वाटते फसवलं, पण सोलरची वीज उलटी तारेत जाऊन तिथं काम करणाऱ्या लाईनमनला शॉक लागू नये म्हणून ते मुद्दाम तसं केलेलं असते. हे विकणाऱ्यानं पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे, आम्हाला नाही सांगितलं.

तुम्ही लावणार असाल तर गच्चीवरच्या टाकीची सावली डिसेंबरात बघा, तेव्हा सूर्य दक्षिणेला खाली असतो आणि सावली सगळ्यात लांब पडते. आमच्या दोन पॅनलवर तीन वाजताच येते.