आधी वहीत, मग पडद्यावर

चि. मुलीस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

गणपतीच्या सुटीत तू येऊन गेलीस तेव्हा घरात पाहुण्यांची ये-जा होती आणि तुझ्या प्रश्नाला मला धड उत्तर देता आले नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. तू विचारलेस, की कॉलेजच्या ऑनलाइन गृहपाठात तुला जवळजवळ पैकीच्या पैकी गुण पडतात, प्रत्येक प्रश्नापुढे हिरवी खूण उमटते, आणि तरीही वर्गातल्या लेखी चाचणीत दुसऱ्या ओळीपुढे हात चालत नाही, तर यातले खरे काय मानायचे? दोन्ही खरे आहे. हिरवी खूण उत्तराला मिळते, चाचणीत पायऱ्या पाहिल्या जातात, आणि तुझ्याकडे पायऱ्याच नाहीत. मी वही मागितली तेव्हा तू पिशवीतून पाठकोऱ्या कागदांचा चुरगळलेला गठ्ठा काढलास. त्यावर आकडे पुष्कळ होते, पण एकही ओळ पूर्ण नव्हती. मला जे सांगायचे आहे ते एवढेच आहे आणि ते मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे: आधी वहीत, मग पडद्यावर.

तू दाखवलेला भरतीचाच प्रश्न घेऊ. खाडीच्या तोंडाशी पाण्याची सरासरी उंची १.६ मीटर, तिच्या वर आणि खाली १.१ मीटरचा चढउतार, तो कोसाइनने मांडलेला, दोन भरत्यांमध्ये १२.४ तास, आणि विचारले आहे असे की पूर्ण भरतीनंतर तीन तासांनी पाणी कोणत्या वेगाने उतरत असेल. डेरिव्हेटिव्ह, म्हणजे उंची बदलण्याचा वेग, तू बरोबर काढलेस, चेन रूलही विसरली नाहीस. पण मोबाइलमधला कॅलक्युलेटर अंशांवर होता आणि सूत्रातला कोन रेडियन या दुसऱ्या मापात होता, त्यामुळे उत्तर आले उणे ०.०१४८. ऑनलाइन गृहपाठ तपासणाऱ्या यंत्राने ते नाकारले. मग तू उणे चिन्ह काढून पाहिलेस, मग ०.०१५ लिहिलेस, मग दशांशचिन्ह एक घर सरकवून पाहिलेस, आणि शेवटी मैत्रिणीने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या सूत्रात आपले आकडे घालून उणे ०.५५७ मिळवलेस. हिरवी खूण आली आणि तू पुढच्या प्रश्नाकडे वळलीस.

अगं, तू हर्णै बंदरावरची मुलगी आहेस! ०.०१४८ मीटर म्हणजे तासाला जेमतेम दीड सेंटिमीटर. पूर्ण भरतीपासून पूर्ण ओहोटीपर्यंत या प्रश्नात पाणी २.२ मीटर उतरते. दीड सेंटिमीटरच्या वेगाने त्याला सहा दिवस लागतील. प्रत्यक्षात ते ६.२ तासांत उतरते, म्हणजे सरासरी वेगच ताशी ३५ सेंटिमीटर होतो, आणि भरती-ओहोटीच्या मधोमध, जिथे तो सर्वांत जास्त असतो, तिथे तो त्याहून मोठा असलाच पाहिजे. तीन तास हे जवळजवळ मधोमधच आहे. ताशी ५६ सेंटिमीटर हे उत्तर यंत्राला विचारण्याआधीच तुला पटायला हवे होते, आणि दीड सेंटिमीटर हे उत्तर यंत्राने नाकारण्याआधी तूच नाकारायला हवे होते. वहीत एका खाली एक ओळी मांडल्या असत्यास, शेवटी ‘मीटर प्रति तास’ हे एकक लिहिले असतेस, तर ते आपोआप घडले असते. पडद्यावरच्या छोट्या चौकटीत एकक नसते, कारण नसते, आधीची ओळही नसते. तिथे फक्त एक आकडा मावतो आणि तो चुकला की दुसरा आकडा घालून पाहण्याची इच्छा होते. हा तुझ्या बुद्धीचा दोष नव्हे, पण म्हणून मी तो तसाच सोडूनही देणार नाही.

या यंत्राविरुद्ध माझे काहीही म्हणणे नाही, हे आधी स्पष्ट करतो, कारण तुझ्या बोलण्यात ‘मग हे बंदच करू का’ असा सूर होता. मुळीच बंद करू नकोस. तुमच्या कॉलेजात आहे ते गृहपाठ तपासणारे वेबवर्क अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात १९९० च्या दशकात मायकेल गेज आणि अर्नोल्ड पायझर या गणिताच्या प्राध्यापकांनी उभे केले आणि ते मुक्त ठेवले. आपल्यासारख्या आडगावच्या कॉलेजलाही ते परवान्याचे पैसे न भरता चालवता येते. ब्रिटनमध्ये ख्रिस सँगविन यांनी तयार केलेले, मूडल या ऑनलाइन वर्गाच्या प्रणालीला जोडता येणारे स्टॅकही तसेच मुक्त आहे. ही शिकवणाऱ्यांनी शिकणाऱ्यांसाठी केलेली कामे आहेत, आणि ती कशी चालतात हे समजून घेतलेस तर ती वापरावीत कशी हेही समजेल. तू सूत्ररूप उत्तर लिहितेस तेव्हा वेबवर्क ते शिक्षकाच्या उत्तराशी अक्षरन् अक्षर जुळवत नाही. एक्सच्या जागी काही यादृच्छिक किमती घालून दोन्ही सूत्रांची किंमत काढते आणि त्या किमती जुळतात का ते पाहते. स्टॅक ते काम मॅक्सिमा या बीजगणित करणाऱ्या प्रणालीकडे सोपवते. प्रत्येक विद्यार्थ्याला वेगळे आकडे मिळतात तेही यासाठीच, की उत्तर नव्हे तर रीत एकमेकांना सांगावी लागावी. तुम्ही मुलांनी त्यातूनही पळवाट काढली आणि रीत न सांगता तयार सूत्र पाठवू लागलात, याचा मला खरोखर राग आहे.

यंत्राचा खरा उपयोग कुठे होतो ते सांगतो. साइन एक्स गुणिले कोसाइन एक्स याचे इंटिग्रेशन कर. साइनला यू मानलेस तर उत्तर येते साइनवर्ग भागिले दोन. कोसाइनला यू मानलेस तर येते उणे कोसाइनवर्ग भागिले दोन. दुप्पट कोनाचे सूत्र वापरलेस तर येते उणे कोसाइन दोन एक्स भागिले चार. पुस्तकाच्या मागे यांतले एकच छापलेले असते, आणि ज्याचे उत्तर त्याच्याशी जुळत नाही तो मुलगा आपले बरोबर उत्तर खोडून टाकतो. असे खोडलेले बरोबर उत्तर मी किती वह्यांत पाहिले आहे! ही तिन्ही उत्तरे एकमेकांपासून फक्त स्थिरांकाने वेगळी आहेत. पहिल्यातून तिसरे वजा कर, पाव उरेल. इंटिग्रेशनच्या उत्तरापुढे ‘अधिक सी’ हा स्थिरांक का लिहायचा हे या एका उदाहरणाइतके चांगले दुसरे कोणी सांगत नाही. प्रश्न नीट रचलेला असेल तर यंत्र तिन्ही उत्तरे स्वीकारते, आणि तेही ताबडतोब. पण ती तीन उत्तरे एका पानावर शेजारी शेजारी मांडून त्यांची वजाबाकी करण्याचे काम कोणाचे? ते तुझेच, आणि ते वहीतच होते.

आम्हाला हे ताबडतोब कळणे मिळाले नाही. आम्ही शिकत होतो तेव्हा तपासलेली वही हातात येईपर्यंत वर्ग दोन प्रकरणे पुढे गेलेला असे, आणि मधल्या काळात चुकीची रीत हाताला घट्ट बसलेली असे. पुढे मी शिकवायला लागलो तेव्हा वर्गात शंभराच्या वर मुले होती. प्रत्येकाची प्रत्येक वही दर आठवड्याला पाहणे कोणालाच शक्य नव्हते, आणि जी मुले पहिल्या सत्रातच गणितापासून दूर गेली ती आजही मला एसटी स्टँडवर भेटली की मनाला लागते. त्यांना त्याच रात्री कोणी ‘हे चुकले, पुन्हा कर’ एवढे म्हणायला हवे होते. तुला ते म्हणणारे मिळाले आहे आणि तू त्याच्याकडून उत्तरे काढून घेण्यापलीकडे काही करत नाहीस, हे मला सहन होत नाही.

म्हणूनच कॉलेजात ही प्रणाली आली तेव्हा मी हट्ट धरला, की ऑनलाइन गुण मोजायचे तर प्रत्येकाने वहीही दिली पाहिजे. यंत्र तपासते आहे तर वह्यांचे ओझे कशाला, असे सहकारी म्हणाले. मुलांनीही तक्रारी केल्या. मी मागे हटलो नाही. यंत्राने ज्यांना शंभर टक्के दिले होते त्यांच्या वह्यांमध्ये मला कोरी पाने दिसत होती, आणि ज्याला साठ टक्के होते अशा एखाद्या मुलाच्या वहीत शेवटच्या बेरजेतली चूक सोडली तर सगळे जागेवर होते. विद्यापीठाच्या परीक्षेत पायऱ्यांना गुण असतात. त्या साठवाल्या मुलाचे काम परीक्षकाला दिसणार होते, शंभरवाल्याचे दिसणार नव्हते. मी आजही तेच करीन. तुला हे माझे समर्थन वाटत असेल तर वाटू दे. तुझ्या हातातला तो चुरगळलेला गठ्ठा पाहिल्यावर मला ते करणे भाग आहे.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. एक तृतीयांश हे ०.३३ असे लिहू नकोस. वेबवर्कमध्ये शिक्षकाने वेगळे ठरवले नसेल तर हजारात एक एवढीच चूक चालते, आणि ०.३३ मध्ये शंभरात एक चूक आहे. भरतीच्या प्रश्नात ०.५५७ ऐवजी ०.५६ लिहिले असतेस तरी ते नाकारले गेले असते. शक्य असेल तिथे अपूर्णांक अपूर्णांकच ठेव. एक भागिले दोन एक्स असे सलग लिहिलेस तर यंत्र सहसा आधी दोनने भागते आणि मग एक्सने गुणते, म्हणून छेदाला कंस घाल. उत्तर पाठवण्याआधी प्रीव्ह्यू पाहा; त्यात प्रयत्न खर्च होत नाही, आणि यंत्राला जे दिसते ते वहीतल्या ओळीशी ताडून पाहता येते. वहीत ओळ नसेल तर ताडणार कशाशी?

किती चूक चालते हा प्रश्न तुला नवा नाही. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते, म्हणजे अष्टमीला सहा वाजता, हा हिशेब तुमच्या घरी रोजचा असणार. पंधरा तिथींत भरतीची वेळ बारा तास सरकते, म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटे होतात आणि खरा गुणक चार पंचमांश आहे. जुन्या लोकांनी तोंडी हिशेबाला सोपी म्हणून पाऊणपट घेतली आणि होडी काढायला तेवढी अचूकता पुरते. कुठे पाऊण चालते आणि कुठे हजारात एकाहून जास्त चूक चालत नाही हे ज्याला सांगता येते त्याला गणित येते असे मी मानतो. ते तू भरतीच्या प्रश्नात वापरायला हवे होतेस.

तू म्हणालीस, की घरी रेंज नसते, रात्री बाराच्या मुदतीआधी पान उघडत नाही, आणि त्या घाईत जे सुचेल ते भरले जाते. मला हे ठाऊक आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस वीज नव्हती आणि मोबाइलही बंद होते. पावसाळ्यात थोड्याफार फरकाने तसेच दिवस येतात. पण ही अडचण माझ्याच बाजूने बोलते. प्रश्न सोमवारी उघडतात, तर रेंज असेल तेव्हा ते वहीत उतरवून घे, वीज नसताना कंदिलाच्या उजेडात सोडव, आणि पुन्हा रेंज मिळेल तेव्हा बंदरावर उभी राहून दहा मिनिटांत उत्तरे भर. ज्याचे काम वहीत झालेले असते त्याला रेंज फक्त शेवटी लागते. मुदतीच्या रात्री पडद्यासमोर बसून विचार करायला लागायचे ही सवय मात्र तुझी आहे, मोबाइल कंपनीची नाही.

‘आमच्याकडे गणितात कोणी नाही’ असेही तू जाता जाता म्हणालीस. अंजर्ल्याजवळचे मुर्डी तुझ्या घरापासून फार लांब नाही. तिथले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजमध्ये सीनियर रँग्लर झाले, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिले आले. त्यांचे आतेभाऊ धोंडो केशव कर्वे मुरुडात वाढले आणि पुढे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत होते. हे वाक्य पुन्हा माझ्यासमोर काढू नकोस.

फोटो काढून पायऱ्यांसकट उत्तर देणारी अ‍ॅप्स वापरावीत का, याचे उत्तर तुला पत्र इथवर वाचून मिळाले असेल. स्वतःची पायरी वहीत लिहून झाल्यावर, ती कुठे चुकली हे शोधूनही सापडले नाही, तर खुशाल पाहा, आणि मग ते मिटून तो प्रश्न पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहून काढ. पाहून उतरवलेली पायरी आणि स्वतः लिहिलेली पायरी यांत काय फरक असतो ते चाचणीच्या दिवशी तुझ्या हाताला कळले आहे.

येत्या आठवड्यात एवढे कर. दोनशे पानी आखीव वही घे. चालू गृहपाठातला प्रत्येक प्रश्न तुझ्या आकड्यांसह तीत उतरव, उत्तराला एकक लिही, आणि उत्तर भरण्याआधी समासात एका ओळीत लिही की हे उत्तर एवढ्याच्या आसपास का असावे. यंत्राने नाकारले तर खोडरबर वापरू नकोस. चुकलेली ओळ एका रेघेने खोड, म्हणजे ती वाचता येईल, आणि तिच्याखाली नवी लिही. चिन्ह बदलून पाहण्यासाठी एकही प्रयत्न खर्च करायचा नाही. भरतीचा प्रश्न पहिल्यापासून पुन्हा सोडव, आणि त्यात एक भर घाल: पाणी सर्वांत वेगाने उतरते तो क्षण कोणता आणि तेव्हाचा वेग किती, हे दुसरे डेरिव्हेटिव्ह काढून दाखव. त्या पानांचे फोटो मला पाठव. हिरव्या खुणांचे स्क्रीनशॉट पाठवू नकोस. दिवाळीत येशील तेव्हा वहीही घेऊन ये, आपण दुपारी निवांत बसून ती पाहू.

घरी सर्वांना नमस्कार सांग. कळावे,

तुझे
सर