कळमन्याच्या संत्रा गोदामात ब्लूटूथच्या सिग्नलवरून ट्रॉलीची जागा एक मीटरच्या आत कळेल का?

नाही, नुसत्या सिग्नलच्या ताकदीवरून एक मीटरची अचूकता टिकत नाही. दोन ते पाच मीटरची चूक धरूनच चला. ब्लूटूथ 2.4 गिगाहर्ट्झवर चालतं, आणि पाणी या लहरी शोषून घेतं. संत्र्यांनी भरलेले क्रेट म्हणजे पाण्याची भिंतच. नागपुरातल्याच एका गोदामात मी हे मोजून पाहिलंय: ट्रॉली जागची हललीही नव्हती, मध्ये फक्त क्रेटची थप्पी लागली, आणि स्क्रीनवरचा ठिपका पलीकडच्या रांगेत जाऊन बसला. एक मीटर खरंच हवा असेल तर यूडब्ल्यूबी (अल्ट्रा-वाइडबँड, म्हणजे खूप रुंद पट्ट्यावर छोटे रेडिओ-ठोके पाठवणारं तंत्र) घ्या. त्यात सिग्नलची ताकद नाही, तर तो पोहोचायला लागलेला वेळ मोजतात. रेडिओलहर 1 नॅनोसेकंदात साधारण 30 सेंटीमीटर जाते, म्हणून घड्याळ तेवढं काटेकोर लागतं. अँकर, म्हणजे ठरलेल्या जागी बसवलेली सिग्नलची यंत्रं, किमान तीन हवेत, पण चौथा लावाच, एखादा झाकला गेला तरी काम अडत नाही. हलत्या ट्रॉलीसाठी काल्मन फिल्टर (आधीच्या हालचालीवरून जागेचा अंदाज सुधारणारं गणित) वापरा, ठिपक्याच्या उड्या बऱ्याच कमी होतात. मात्र लोखंडी रॅकच्या आड यूडब्ल्यूबीही चुकतं, तेव्हा अँकर रॅकच्या वर, छताजवळ बसवा. ट्रॉली साधारण गोदामाच्या कुठल्या भागात आहे एवढंच हवं असेल, तर ब्लूटूथ पुरे.