वाचकांचे प्रश्न : दाराशी अडणारे पाय

प्रश्न : सासऱ्यांना पार्किन्सन्स आहे. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात माजघराच्या दाराशी आले की त्यांचे पाय जागीच खिळतात. कमरेला बांधायच्या रोबोट-पट्ट्याने हे थांबतं, असं मोबाइलवर पाहिलं. घ्यावा का? (एक वाचक, वडोदरा)

उत्तर : तुम्ही पाहिलेला पट्टा बहुधा हार्वर्ड आणि बोस्टन विद्यापीठांच्या संशोधकांचा असावा. त्याचे निष्कर्ष जानेवारी २०२४ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये आले. कमरेला पट्टा, दोन्ही मांड्यांना पट्ट्या आणि त्यांना ओढणाऱ्या मोटारीवरच्या तारा, अशी रचना. सेन्सर मांडीची हालचाल टिपतात आणि पाय पुढे टाकायच्या क्षणी तार ओढली जाते. पाय अडण्याआधी पावलं आखूड होत जातात, ती या ओढीमुळे लांब पडतात. इमारतीच्या आत चालताना एरवी ३९ टक्के वेळ अडण्यात जायचा, तो शून्यावर आला. चाललेलं अंतर ५५ टक्क्यांनी वाढलं. मात्र हा प्रयोग ७३ वर्षांच्या एकाच रुग्णावर, सहा महिन्यांत पाचदा मोजून केलेला. एवढ्यावर पैसे गुंतवू नका.

दुसरं असं, की पाय चालवणारी बरीच उपकरणं पक्षाघाताने कमजोर झालेल्या पायासाठी असतात. सासऱ्यांच्या पायात ताकद असते, अडतं ते पाऊल सुरू होताना. शिवाय पट्टा वर सरकला किंवा ओढ उशिरा लागली, तर टेकू पाहणारा पाय पुन्हा उचलला जातो आणि तोल जातो. कुणी उपकरण दाखवलंच, तर फिजिओथेरपिस्टसमोर दारातून आणि वळणावर चालवून बघा. सरळ पॅसेजमध्ये सगळंच छान दिसतं.

तोवर फरशीवर उठून दिसेल अशा रंगाची, न चमकणारी टेप चालण्याच्या दिशेला आडवी लावा. दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे औषध लागू असतानाचं त्यांचं पाऊल, साधारण ४० ते ४५ सेंटिमीटर. पट्ट्या दाराआधी मीटरभर सुरू करून पलीकडेही मीटरभर न्या. दाराशीच संपवल्या तर पाय तिथेच थांबतो. पोछा मारल्यावर सुटलेली टोकं बघा आणि दारातलं पायपुसणं काढा.

पाय अडलाच तर हात धरून ओढू नका. अंग पुढे जातं, पाय मागे राहतात आणि माणूस तोंडावर पडतो. थांबू द्या, श्वास घेऊ द्या, ताठ उभं राहू द्या. मग भार एका पायावर घेऊन दुसरा लांब टाकायला सांगा.

प्रश्न : चार पायांचा साधा वॉकर चालेल?

उत्तर : तो दर पावलाला उचलावा लागतो, त्यात लय तुटते. चाकांचा घ्या, पण दांडा दाबल्यावरच चालणारा आणि सोडताच थांबणारा. नाहीतर वॉकर पुढे पळतो आणि पाय मागे.

प्रश्न : कमाटीबागेत बाबा झपझप चालतात, घरात का अडतात?

उत्तर : बागेत रस्ता रुंद आणि मोकळा. घरात अरुंद दार, जागेवर वळणं आणि दाराची बेल वाजली की घाई. वळताना जागेवर न फिरता मोठा अर्धगोल घ्यायला सांगा आणि चालताना बोलणं, फोन बंद. आठवडाभर गोळीची वेळ आणि पाय अडल्याची वेळ शेजारी-शेजारी लिहा. पुढच्या गोळीआधीच अडत असेल तर न्यूरॉलॉजिस्ट डोसच्या वेळा बदलू शकतात. गोळी चांगली लागू असतानाही अडत असेल तर ते त्यांना मुद्दाम सांगा, कारण तिथे नुसता डोस वाढवून भागत नाही.